गुडघाभर काळी

डोझरच्या मागे बगळे चालतात हे मला खाणीवर रुजू झाल्यावर कळलं. नांगरामागे चालतात हे लहानपणापासून पाहिलेलं होतं. खाणीवर मात्र बगळ्यांच्याही मागे माणसं चालत. त्यांच्या हातात लोखंडी गजाचे हात-दीड हात लांबीचे तुकडे असत आणि नजर जमिनीवर. डोझरचं पातं शेताची वरची काळी माती खरवडत पुढे जाई आणि त्या मातीत जे जे राहत होतं ते उघड्यावर येई. नाकतोडे आणि उंदरांची पिल्लं बगळ्यांच्या वाट्याला जात. ससा, घोरपड, लावे माणसांच्या वाट्याला. साप कुणी खात नसे, पण मारत सगळे. कधी पात्याखालीच काम झालेलं असे. अर्धी घोरपड पात्याला चिकटून वर येई आणि तिचे पुढचे दोन पाय बराच वेळ चालत राहत. मागे काही उरलेलं नाही हे त्यांना कुणी सांगितलेलं नसे.

ऐंशी साल जवळ आलं होतं. नागपूरहून बसने दीड तासावर ही उघडी खाण होती. उघडी म्हणजे बोगदे न करता वरचं सगळं उचलून बाजूला टाकायचं आणि खालचा कोळसा काढायचा. या ‘वरच्या सगळ्या’ला खाणीच्या भाषेत ओव्हरबर्डन म्हणतात, वरचं ओझं. शेत, बांध, बोरी-बाभळी, विहीर, मुरूम, दगड, सगळं ओझंच. इतका काळ हे सगळे आपल्या कोळशावर बसून राहिले याचा खाणीला मनापासून राग आहे, असं त्या शब्दावरून वाटे.

माझं पद कृषी पर्यवेक्षकाचं. आम्ही नागपूरच्या महालात, जुन्या वस्तीत राहणारे. घराण्यात शेतकी शिकलेला मी पहिला आणि शेतकी शिकून खाणीत गेलेला बहुधा शेवटचा. गांधीबागेत कापडाचं दुकान असलेल्या माझ्या मामाने बातमी ऐकून कापड मोजायचा गज खाली ठेवला आणि विचारलं, “शेतकी शिकला अन् खाणीत गेला? तिथं काय पेरून राहिला गा तू?” मी त्याला खाणीला आलेलं परिपत्रक समजावून सांगितलं. वरची सुपीक माती वेगळी काढून ठेवायची आणि खड्डा भरला की ती पुन्हा वर पसरायची. शिवाय काम सुरू करण्यापूर्वी वन्य प्राण्यांना निघून जाण्यास वाव द्यायचा. मामाने पुन्हा गज उचलला आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला.

वाव देण्याची योजना मी मोठ्या कष्टाने आखली. खरवडणं नेहमी सडकेच्या बाजूने सुरू करायचं, अर्धा तास भोंगा वाजवायचा, आणि जंगलाकडची बाजू मोकळी ठेवायची म्हणजे जनावरं तिकडून निघून जातील. पहिल्याच दिवशी जनावरं अगदी योजनेप्रमाणे तिकडे गेली. गजवाली माणसंही तिथेच उभी होती, कारण ती खाणीवरच्याच कामाची माणसं होती आणि योजना मी त्यांनाच वाचून दाखवली होती. पूर्वी त्यांना सगळं शेत फिरावं लागे. आता एका बांधावर बसून भागत होतं. त्या दिवशी बांधावर सशांची जी रास पडली ती पाहून डोझरवाला मला म्हणाला की साहेब, तुम्ही आल्यापासून काम शिस्तीत होऊन राहिलं. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी बांधावर जाऊन आरडाओरडा केला. ते लोक शांतपणे ऐकत होते आणि त्यांच्यातला एक जण ऐकता ऐकता सशाचं मुंडकं पायाखाली धरून पिळत होता. तो माझ्याच रोपवाटिकेतला माळी होता. सकाळी बोटभर रोपाला तो ज्या हातांनी पाणी घाली, तेच हात होते ते.

खाण वाढवण्याआधी गावात सभा झाली. मॅनेजर उंच, देखणा, आणि ध्वनिक्षेपकावर प्रेम असलेला माणूस होता. या भूमीचा कण न् कण आम्ही तुम्हाला परत करू, असं तो म्हणाला. खड्डा भरला की पहिल्या पट्ट्यावर गुडघाभर काळी माती पसरली जाईल आणि गावाची गुरं तिथे चरतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण पुढच्या रांगेत बसलेले सरपंच वाजवत होते. टाळ्या संपल्यावर मागच्या बाजूला बसलेली एक बाई उठली आणि तिने विचारलं, “गुडघाभर म्हंजे कोनाच्या गुडघ्याएवढी?”

लोक हसले. मॅनेजरही हसला आणि म्हणाला, “तुमच्या, बाई.” ती ठेंगणी होती. तिने मान डोलावली आणि खाली बसली. सभेत कुणाच्या पदरात काही पडलं असेल तर ते फक्त तिच्या.

तिची चार एकर जमीन खाणीत गेली होती. तिच्या सासऱ्याच्या घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या गावाच्या शिवेची माहिती असे. दोन शेतांच्या हद्दीवरून भांडण झालं तर त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई, आणि त्या बदल्यात त्यांना गावकुसाबाहेर राहू दिलं जाई. छप्पन साली नागपूरला जाऊन घराने बौद्ध धर्म घेतला आणि ती गावकामं टाकून दिली. माहिती तेवढी राहिली. मूठभर माती हातात घेऊन ही कुणाच्या शेतातली, ते ती सांगायची. मी दोनदा परीक्षा घेतली. दोन्ही वेळा मी नापास झालो.

जमिनीच्या बदल्यात घरटी एक नोकरी होती. बाकीच्यांनी घरातले पुरुष डंपरवर चिकटवले. तिने मातीच्या ढिगाची राखण मागून घेतली. मला वाटलं, तिचा त्या आश्वासनावर विश्वास बसला असावा. तसं मी म्हटल्यावर तिने माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. “मॅनेजर खरं बोलला का खोटं, मले काय मालूम साहेब. पन ढीग डोळ्यापुढं असला तं खोटं बोलाले जड जाते.”

ढीग म्हणजे चार-पाच शेतांएवढ्या जागेवर पसरलेला, दोन पुरुष उंचीचा, सगळ्या गावाच्या मातीचा उंचवटा होता. त्याहून उंच केला तर आतली माती गुदमरते, म्हणून मी उंची धरून ठेवली होती आणि वर ताग पेरला होता. ताग उगवला तशी जनावरंही आली. वेड्या राघूंनी उभ्या कडेत भोकं पाडून घरटी केली. आणि ढिगाच्या मधोमध एक मोठं बीळ झालं.

त्या बिळात नाग आहे, असं बाईने सगळ्यांना सांगितलं. त्या दिवसापासून गजवाल्यांनी ढिगाकडे जाणं सोडलं. श्रावणात नागपंचमीला बिळापुढे शेंदूर लावलेला दगड बसला, दुधाच्या वाट्या आल्या. डोझरवाला काटोलकडचा होता, संत्र्याच्या बागेतला हिस्सा भावांनी गिळल्यावर इकडे आलेला. तो रोज पाळीवर जाताना लांबूनच बिळाला हात जोडायचा. मी वन्यजीव अहवालात ‘नाग – एक’ अशी नोंद केली. मॅनेजरने त्या नोंदीखाली लाल रेघ ओढून समाधान व्यक्त केलं. आमच्याकडे वन्यजीव असल्याचा तो एकमेव जिवंत पुरावा होता.

मार्चमध्ये एका संध्याकाळी मी ढिगावरून उतरत होतो तर शेंदराच्या दगडामागून खोकड बाहेर आली. कोल्ह्याची ही धाकटी जात, मांजरापेक्षा थोडी मोठी, शेपटीचं टोक काळं. मागून तीन पिल्लं. मी बाईकडे पाहिलं. ती ताग उपटत बसली होती.

“हाच का नाग?” मी विचारलं.

“मी नागाले नाही मानत, साहेब,” ती म्हणाली. “पन ते मानते ना. त्याहिचा नाग माह्या कामी आला.”

मी नोंद दुरुस्त केली नाही. एका खोट्या नागाने चार खऱ्या जिवांना जगवलं होतं. माझ्या योजनेने ज्यांना वाव दिला ते सगळे बांधावर मरून पडले होते.

आता माझ्या शब्दाची गोष्ट सांगायला हवी. ती त्याच्या आधीच्या दसऱ्याची. ढिगावर पाटी लावायची होती, म्हणजे डंपरवाले चुकून तिथे दुसरं काही टाकणार नाहीत. वरून मजकूर आला: ‘ऊर्ध्वस्तरीय सुपीक मृदा संचय’. हा मजकूर मी चहाच्या टपरीवर मोठ्याने वाचून दाखवला आणि सगळ्यांना हसवलं. साध्या माणसांशी साध्या भाषेत बोलावं यावर माझा फार विश्वास होता आणि त्या विश्वासाचा मला गर्वही होता. आपल्याकडे गावाच्या वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात आणि पिकाच्या जमिनीला काळी. जुना, नेमका, देखणा शब्द. मी हिरव्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने स्वतःच्या हाताने एकच शब्द लिहिला: काळी. पाटी लावली आणि दसऱ्याला घरी महालात आलो. बाईही त्याच दिवसांत नागपूरला आली होती, दरवर्षीसारखी, गावातल्या बायकांबरोबर दीक्षाभूमीवर.

चार दिवसांनी परतलो तेव्हा ढिगाच्या पूर्वेच्या सगळ्या कडेवर काळा पत्थर ओतलेला होता. कोळशाच्या थरांच्या मध्ये हा दगड लागतो. जाळायला निकामी, पण पोटात कोळसा असतोच. तो नेहमी लांब, उघड्या माळावर टाकत. डंपरवाले बहुतेक उत्तरेकडचे, हिंदी बोलणारे. ज्याने पहिली खेप टाकली त्याला मी पाटीखाली उभं करून विचारलं की हे काय केलंस. त्याने पाटीकडे बोट दाखवलं. “साहब, ‘का’ पढ़ा। बीच की जलेबी हमको आती नहीं। आख़िर में बड़ी ‘ई’। काली ही होगी। काला माल यहाँ डाल दिया।”

त्याच्या हिंदीत ‘ळ’ नव्हता. बाई बाजूलाच उभी होती. सासरी आल्यावर साक्षरतेच्या वर्गात ती वाचायला शिकली होती. तिने पाटी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. मला ‘तुमी’ म्हणणारी ती बाई त्या दिवशी एकदाच ‘तू’वर आली.

“हे अक्षर तुह्याच हातचं हाये का गा?”

मी हो म्हणालो.

मी अर्ज केला. काळा पत्थर त्वरित हलवावा, अन्यथा उन्हाळ्यात तो पेटेल. तो पेटतो हे खाणीत सर्वांना ठाऊक असतं. रचून ठेवला, हवा लागली, की आतल्या आत तापत जातो. पाटी कुणी लिहिली हा मुद्दा मी अर्जात घातला नाही. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, त्यावर शेरे पडत गेले, आणि एप्रिल आला.

एप्रिलमध्ये एका सकाळी ढिगाला काडेपेटीचा वास येऊ लागला. दुपारपर्यंत पूर्वेच्या कडेतून निळसर धूर निघत होता. ज्वाळा कुठे दिसत नव्हती. मातीच्या आत तागाच्या मुळ्या धरून लाल रेषा सरकत होती आणि तिच्यावरची जमीन पापडासारखी खचत होती. राघूंची भोकं धुराड्यांसारखी धुरकटली. पक्षी वर घिरट्या घालत ओरडत होते, एखादा भोकात शिरायचा तो परत येत नव्हता. मॅनेजरने पाण्याचा टँकर पाठवला. मी नको म्हणत होतो. टँकरवाल्याने कडेजवळ जाऊन नळ सोडला, पाणी आत गेलं, आणि क्षणभराने आतून वाफेसकट चिखलाचा भपका बाहेर आला. तो थेट त्याच्या तोंडावर. माणूस ओरडलासुद्धा नाही. नुसता खाली बसला आणि हाताने चेहऱ्यावरची माती पुसायला लागला. मातीबरोबर कातडी निघत होती. त्याला जीपमधून नागपूरला नेलं. तो वाचला. एक डोळा गेला.

मॅनेजर स्वतः आला, पांढरी टोपी घालून. त्याने लांबून पाहिलं आणि हुकूम दिला की दोन डोझर लावा, सगळा ढीग पूर्वेला ढकला, आगीवर घाला, विझून जाईल. आग विझवायला माती लागतेच, असं तो म्हणाला. आणि माती तर समोरच होती.

मी म्हणालो की मग पसरायला काही उरणार नाही. भाजलेली माती म्हणजे वीट. त्यात काही उगवत नाही. ढीग मधोमध कापून खंदक काढला, त्यात ओला मुरूम भरला, तर आग खंदकापाशी थांबेल आणि निम्मी माती वाचेल. मॅनेजरने घड्याळ पाहिलं. पाच वाजेपर्यंत जमलं तर बघा, म्हणाला, नाहीतर ढकलून मोकळे व्हा.

अडीच वाजले होते. डोझर ढिगावर चढला आणि मध्यावर येऊन थांबला. समोर शेंदराचा दगड होता. काटोलवाल्याने इंजिन बंद केलं.

“नागाच्या घरावरून मी गाडी नाही घालनार,” तो म्हणाला. “माह्या घरी लेकरं हायेत.”

मी म्हणालो नाग केव्हाच गेला असेल. तो म्हणाला नाग जात नसतो. मी म्हणालो खंदक दहा हात सरकवू. पण पश्चिमेला सरकवला तर माती आणखी जात होती आणि पूर्वेला जमीन तापलेली होती. तो खाली उतरायला लागला. दुसऱ्या डोझरवाल्यानेही मान हलवली. खाली गजवाली माणसं जमली होती, माझा माळीही. सगळे त्या दगडाकडे पाहत होते. धुराची रेषा दर थोड्या वेळाने आमच्याकडे सरकत होती. ती सरकताना मातीतून करकर असा आवाज यायचा, कुणीतरी आत दात खात असल्यासारखा.

बाई वर चढून आली. तिने धुराकडे पाहिलं, बिळाकडे पाहिलं. खरं काय ते मलाही ठाऊक होतं. मी गप्प बसलो आणि ते तिला बोलावं लागलं.

“नाग नाही तिथं,” ती डोझरवाल्याला म्हणाली. “खोकड हाये. पिल्लं हायेत तिले.”

“खोटं हाये,” तो म्हणाला. “मी सोता दूध ठेवलं हाये तिथं.”

तिने वाकून शेंदराचा दगड उचलला आणि धुराच्या बाजूला फेकून दिला. खाली उभ्या माणसांच्या तोंडून एकदम आवाज निघाला. मग ती पालथी झाली आणि तिने खांद्यापर्यंत हात बिळात घातला. तिचं तोंड एकदम वाकडं झालं. हात बाहेर आला तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत फाटलेला होता आणि बोटांवरून रक्त मातीत गळत होतं.

“नाग चावला असता तं असं रगत आलं असतं का?” ती म्हणाली. “चाल. घाल गाडी.”

काटोलवाला डोझरवर चढला. इंजिन सुरू झालं. मी खाली पाहिलं. खोकड हा शब्द ऐकताच गजवाली माणसं पश्चिमेच्या कडेला सरकून ओळीने उभी राहिली होती. पूर्वेला आग होती, म्हणून मोकळी बाजू तेवढीच होती. माझीच योजना, माझ्याशिवाय अमलात आलेली.

पातं खाली उतरलं. बीळ फाटलं तशी खोकड बाहेर उडाली. ती सरळ पश्चिमेला पळाली, पुन्हा वळून परत आली, पिल्लांसाठी असेल, आणि पात्याच्या अंगावर धावली. पात्याने तिला बाजूला भिरकावलं. ती लंगडत उठली आणि कडेवरून खाली उतरली. पहिला गज पाठीवर बसला, दुसरा डोक्यावर. तिसरा घालायचं काही कारण नव्हतं, तरी माळ्याने तो घातला आणि शेपटीला धरून तिला वर उचललं. पिल्लांचं काय झालं ते मी पाहिलं नाही. डोझरने माती ढकलली तेव्हा तिच्यात काहीतरी होतं, एवढंच.

मी ढिगावरून धावत खाली आलो, माळ्याच्या हातातून गज हिसकला आणि त्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला गजातून हातात जाणवला. पुढे वर्षानुवर्षं मी हे सांगताना म्हणायचो की माझं भान हरपलं होतं. तसं काही नव्हतं. माझं भान पूर्ण जागेवर होतं आणि मला ते आवडत होतं. मी दुसऱ्यांदा गज उचलला तेव्हा बाईने मागून माझं मनगट धरलं. तिचं रक्त माझ्या बाहीला लागलं.

“त्याले काहून मारता, साहेब?” ती म्हणाली. “पाटी तुमी लिवली. नाग मी सांगतला. तो तं फक्त गज घेऊन उभा होता.”

आवाज चढलेला नव्हता. मी गज टाकून दिला. वर डोझर थांबला होता, काटोलवाला आमच्याकडे बघत होता. तिने त्याला हाताने खूण केली, चालू ठेव. तो फाटलेला हात वर करून ती खूण करत राहिली, पाच वाजेपर्यंत.

निम्मा ढीग वाचला. पूर्वेकडची बाजू महिनाभर धुमसत होती आणि पावसात निवली तेव्हा तिथे विटेच्या रंगाची ढेकळं उरली होती, खाली टाकली तर खणखणणारी.

चौकशी झाली. पंख्याखाली तीन अधिकारी बसले. डंपरवाल्याला पंधरा दिवस निलंबित केलं. माळी गळ्यात झोळी करून आला आणि डोझरने उडवलेला दगड खांद्याला लागला, असं त्याने सांगितलं. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. त्याने असं का सांगितलं ते मी त्याला विचारू शकलो नाही. मी जबानीत लिहिलं की पाटी माझी, अक्षर माझं. अध्यक्षांनी ते वाक्य ‘अनावश्यक’ म्हणून खोडलं. निष्कर्ष निघाला की आगीचं कारण नैसर्गिक आहे. वन्यजीवांची हानी झालेली नाही, कारण नोंदीत नाग होता आणि मेलेला नाग सापडला नव्हता.

दोन पावसाळ्यांनी पहिला पट्टा भरून तयार झाला. समारंभ ठरला, मांडव पडला, मोठा पाहुणा येणार होता. मॅनेजरने मला बोलावून सांगितलं की उरलेली माती साऱ्या पट्ट्यावर पसरा, दोन बोटं पुरे, व्यासपीठावरून सगळं काळं दिसलं पाहिजे. मी म्हणालो की दोन बोटं माती पहिल्या पावसात धुऊन जाईल. त्यापेक्षा एका कोपऱ्यात गुडघाभर घालू, निदान तेवढी जगेल. मॅनेजर म्हणाला, पाहुणा पावसात येणार नाही.

बाईला मी ते सांगितलं. ती घरी जाऊन एक काठी घेऊन आली. बाभळीची, सोललेली, तिच्या गुडघ्याएवढी कापलेली. काठी नवी नव्हती. सभेच्या दिवसापासून ती तिच्याकडे असावी.

या वेळी पाटी मी लिहिली नाही. निलंबन संपवून केव्हाच परत आलेल्या त्याच डंपरवाल्याला मी रंगाचा डबा दिला. त्याने विचारलं काय लिहू. मी म्हणालो, तुझ्या माणसांना कळेल ते. त्याने सावकाश, जीभ बाहेर काढून लिहिलं: ‘मिट्टी यहीं। घुटने तक।’ मग त्याने विचारलं, “किसके घुटने तक?” बाईने काठी पुढे केली. पाटी त्याने वायव्येच्या कोपऱ्यात ठोकली. तिचं शेत पूर्वी तिथेच होतं हे मला नंतर कळलं. डंपरवाल्यांना वरून काय हुकूम आला याच्याशी कर्तव्य नव्हतं, ते पाटी वाचत. दोन दिवस खेपा पडत राहिल्या. दर खेपेनंतर ती काठी मातीत खोचून बघायची आणि भाजलेलं लाल ढेकूळ दिसलं की उचलून बाहेर फेकायची. माळीही आला आणि एका हाताने ढेकळं वेचायला लागला. दुसरा हात त्याचा खांद्याच्या वर जात नव्हता.

समारंभाच्या सकाळी मॅनेजर व्यासपीठावर चढला आणि समोर पाहिलं. पिवळा मुरूम, जिकडेतिकडे पिवळा मुरूम, आणि दूर एका कोपऱ्यात काळा चौकोन, घोंगडी वाळत घातल्यासारखा. भाषण मात्र छापलेलं होतं, ते त्याने तसंच वाचलं. पुढच्या आठवड्यात मला भांडारात पाठवलं. तिथे ताडपत्र्या होत्या आणि वन्यजीव म्हणजे झुरळं.

नोकरी सोडून नागपूरला परतण्याआधी एकदा मी तो कोपरा बघायला गेलो. कुसळी गवत कंबरभर वाढलं होतं. बाईच्या दोन गाई त्यात चरत होत्या. ती बांधावर बसली होती. हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पांढरा वळ होता. काठी अजून मातीत खोचलेली होती.

गवतात एका जागी माती उकरलेली दिसत होती. बीळ होतं, ताजं.

“काय आहे तिथे?” मी विचारलं.

“मी पाह्यलं नाही,” ती म्हणाली.

ती खोटं बोलत होती की नाही, हे ताडून पाहायला मी चार पावलं पुढे गेलो असतो तर पुरलं असतं. मी तिच्या शेजारी बांधावर बसलो. बस यायला वेळ होता.